संपादकाच्या खुर्चीतून मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीपर्यंत : मरहूम सी. एच. मुहम्मद कोया

आमच्या संगमेश्वर रोड स्टेशनावरून केरळच्या गाड्या रोज धडधडत जातात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि कासरगोड, कन्नूर, कोझिकोड ही नावं आपल्याला ओळखीची झाली. आखातात नोकरी केलेल्या आपल्या भावंडांना तर मलबारी माणूस त्याच्याही आधीपासून माहीत. एका खोलीत राहिलेले, एका हॉटेलात जेवलेले, एका सफेत नमाज पढलेले. मसलकही दोघांचा एकच, शाफई. समुद्र एकच. अरबांची गलबतं जशी दाभोळला, चौलला लागायची तशीच कालिकतला लागायची.

इतकं सगळं सारखं असूनही मलबारच्या मुसलमानांनी तालीममध्ये जी मजल मारली ती बघून आपल्याला नवल वाटतं. शंभर वर्षांपूर्वी त्यांची अवस्था आपल्यापेक्षा वाईट होती, चांगली नव्हती. मग हे झालं कसं? एकट्या माणसाने असं होत नसतं. पण ज्या दहा-पाच माणसांनी ते घडवलं त्यांच्यात एक नाव अगदी वर आहे : सी. एच. मुहम्मद कोया. पेशाने पत्रकार. केरळचे मुख्यमंत्री झाले, पण जेमतेम पन्नास दिवस. २८ सप्टेंबर हा त्यांच्या इंतकालाचा दिवस. त्या निमित्ताने त्यांची जिंदगी मराठीत, आपल्या माणसांसाठी सांगावी असं आम्हाला वाटलं.

अथोळीचा मुलगा

कोझिकोडजवळ अथोळी नावाचं गाव आहे. तिथे १५ जुलै १९२७ रोजी मुहम्मद कोया यांचा जन्म झाला. वडील अली मुसलियार, आई मरियुम्मा. मलबारात दीनी इल्म असलेल्या माणसाला मुसलियार म्हणतात, आपल्याकडे मौलवी म्हणतात तसं. घर दीनदार होतं. नावापुढचं सी. एच. म्हणजे चेरियन कंडी, हे त्यांच्या घराचं नाव. तिकडे आडनावाऐवजी घराण्याच्या नावाची आद्याक्षरं लावतात. पुढे साऱ्या केरळात लोक त्यांना नुसतं सी. एच. म्हणू लागले. आजही म्हणतात.

त्यांचं बालपण ज्या काळात गेलं तो काळ समजून घेतला पाहिजे. १९२१ चा मोपला उठाव इंग्रजांनी चिरडून टाकला होता. हजारो माणसं मारली गेली, हजारो तुरुंगात आणि अंदमानात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कैद्यांना मालगाडीच्या बंद डब्यात कोंबून तिरूरहून पाठवलं, त्यात सत्तरच्या आसपास माणसं गुदमरून मेली. उठावाच्या गदारोळात हिंदू शेजाऱ्यांवरही जुलूम झाले, आणि दोन्ही समाजांत संशयाची भिंत उभी राहिली. हे सगळं सी. एच. जन्मले त्याच्या सहाच वर्षं आधीचं. घराघरात ती जखम ओली होती.

अशा समाजात इंग्रजी शाळेबद्दल राग असणारच. फिरंग्यांची शाळा, फिरंग्यांची भाषा, आपल्या पोरांना तिथे पाठवायचं कशाला, असा विचार होता. मल्याळम लिपीकडेही पुष्कळ लोक परकी म्हणून बघायचे. मोपला लोक मल्याळमच बोलत, पण लिहायचं झालं तर अरबी अक्षरांत. त्याला अरबी-मल्याळम म्हणतात. त्या लिपीत मोठं साहित्य झालं, त्याची किंमत कमी नाही. पण सरकारी कचेरी, कोर्ट, शाळा, वर्तमानपत्र यांची लिपी वेगळी होती. ती न येणारा माणूस दाराबाहेरच उभा राहायचा.

मुलींचं तर विचारूच नका.

सी. एच. गावात आणि मग कोयिलांडीला शिकले, नंतर कोझिकोडच्या झामोरिन कॉलेजात गेले. तिथे ते मुस्लिम विद्यार्थ्यांच्या चळवळीत आले. बोलायला उभे राहिले की ऐकणारे हलायचे नाहीत. भाषणात विनोद, टोमणा, गोष्ट, सगळं असायचं, आणि मल्याळम अशी की पंडितानेही मान डोलवावी. हे त्यांचं पहिलं भांडवल. दुसरं भांडवल म्हणजे लेखणी.

चंद्रिका

१९३४ साली तलश्शेरीला काही मुसलमान मंडळींनी चंद्रिका नावाचं साप्ताहिक काढलं. पुढे त्याचं दैनिक झालं, आणि १९४६ मध्ये ते कोझिकोडला आलं. या कामामागे के. एम. सीती साहेब हे मोठं नाव. वकिली शिकलेला, दूरचं बघणारा माणूस. सीती साहेबांची नजर या तरुण वक्त्यावर पडली. सी. एच. चंद्रिकेत उपसंपादक म्हणून लागले आणि थोड्याच वर्षांत संपादक झाले. वयाने पंचविशीच्या आतबाहेर.

इथे आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. चंद्रिका मुसलमानांचं वर्तमानपत्र होतं, पण ते मल्याळममध्ये होतं. मल्याळम लिपीत होतं. ज्या लिपीला समाज परकी समजत होता, त्याच लिपीत समाजाचा पेपर निघाला. पेपर वाचायचा तर लिपी शिकायला हवी. चहाच्या दुकानात एकाने मोठ्याने वाचायचा, दहा जणांनी ऐकायचा, आणि त्या दहातल्या दोघांना वाटायचं की आपल्यालाही वाचता आलं पाहिजे. साक्षरतेचा प्रचार असा होतो. शिवाय पेपर शेजारचा हिंदू, ख्रिस्तीही वाचू शकत होता. मुसलमान काय म्हणतो आहे ते त्याला दुसऱ्याकडून ऐकावं लागत नव्हतं. चंद्रिकेच्या साप्ताहिक आवृत्तीत इतर समाजांचे मल्याळम लेखकही लिहायचे. आपला पेपर आणि सगळ्यांची भाषा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या.

मराठी बोलणारे, मराठीत शिकणारे आपण. ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

त्यातच १९४७ उजाडलं. फाळणी झाली. मुस्लिम लीग या नावावर संशयाचा काळा डाग बसला. बरेच पुढारी पाकिस्तानात गेले, बरेच काँग्रेसमध्ये गेले, बरेच घरी बसले. १० मार्च १९४८ रोजी मद्रासला मुहम्मद इस्माईल साहेबांच्या पुढाकाराने इंडियन युनियन मुस्लिम लीग उभी राहिली. हा नवा पक्ष भारताच्या राज्यघटनेच्या चौकटीत राहून, निवडणुका लढवून मुसलमानांचे प्रश्न मांडणार होता. मलबारात त्याचे मोठे नेते सय्यद अब्दुर्रहमान बाफकी तंगल. विशीतले सी. एच. या पक्षात ठाम राहिले. त्या दिवसांत हे सोपं नव्हतं. निष्ठेबद्दल रोज सवाल व्हायचे. उत्तर द्यायला हातात पेपर होता. आपण इथलेच आहोत, इथलेच राहणार, आणि हक्क भीक म्हणून नको तर नागरिक म्हणून हवेत, ही बाजू त्यांनी वर्षानुवर्षं मांडली. रोजच्या रोज लिहिलं आणि गावोगाव फिरून बोलले.

ते चांगले लेखकही होते. परदेशांत फिरले, हजला गेले, आणि त्या प्रवासांवर लिहिलं. राजकारणी माणसाच्या हातून असं लिखाण सहसा होत नाही. पत्रकारितेने त्यांना जी सवय लावली होती ती शेवटपर्यंत गेली नाही.

विधानसभा, आणि एक कडू घोट

कोझिकोड नगरपालिकेत नगरसेवक म्हणून सुरुवात झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मलबार, कोची आणि त्रावणकोर मिळून केरळ राज्य झालं. १९५७ च्या पहिल्या निवडणुकीत सी. एच. तानूरमधून विधानसभेत गेले. वय तीस सुद्धा पूर्ण नव्हतं. त्या निवडणुकीत ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार आलं आणि १९५९ मध्ये केंद्राने ते बरखास्त केलं. १९६० ला काँग्रेस, प्रजा समाजवादी आणि लीग एकत्र लढले आणि जिंकले. पण जिंकल्यावर लीगला एकही मंत्रिपद मिळालं नाही. मतं चालतात, मंत्री चालत नाही, असा तो प्रकार. फक्त सभापतिपद दिलं. त्यावर सीती साहेब बसले.

एप्रिल १९६१ मध्ये सीती साहेबांचा इंतकाल झाला. त्यांच्या जागी सी. एच. यांचं नाव आलं. तेव्हा काँग्रेसने अट घातली की सभापती व्हायचं तर आधी लीगचं सदस्यत्व सोडा. सी. एच. यांनी ते सोडलं आणि ९ जून १९६१ रोजी सभापती झाले. वय ३३. पण ही अट समाजाला झोंबली. दुसऱ्या कुणाला न लागणारी अट आपल्यालाच का, हा सवाल घरोघर होता. सी. एच. यांनी ती मान्य केली यावरही नाराजी होती. अखेर लीगने काँग्रेसची साथ सोडली आणि १० नोव्हेंबरला सी. एच. यांनी सभापतिपदाचा राजीनामा दिला. पाचच महिने झाले होते.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांना फरिश्ते करून टाकतो. सी. एच. राजकारणी होते. तडजोड केली, ती अंगाशी आली, मग खुर्ची सोडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ते कोझिकोडमधून लोकसभेवर निवडून गेले. दिल्ली बघितली. पण त्यांचं काम केरळात वाट बघत होतं.

शिक्षणमंत्री

६ मार्च १९६७. नंबुद्रीपाद पुन्हा मुख्यमंत्री झाले, या वेळी सात पक्षांच्या आघाडीचे. या आघाडीत लीग होती आणि मंत्रिमंडळातही होती. सी. एच. यांच्याकडे शिक्षणखातं आलं. धर्म न मानणारे कम्युनिस्ट आणि मुस्लिम लीग एका सरकारात, याला दोन्हीकडून नावं ठेवली गेली. पण सी. एच. यांनी मिळालेली संधी कागदी घोडे नाचवण्यात घालवली नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कालिकत विद्यापीठ. तेव्हा केरळात एकच विद्यापीठ होतं, ते तिरुवनंतपुरमला, राज्याच्या पार दक्षिण टोकाला. कोझिकोडहून सुमारे ४०० किलोमीटर. मलबारच्या मुलाला परीक्षेचं, सर्टिफिकेटचं, एम.ए.चं काहीही काम असलं तर तिथे जायचं. गरिबाचा मुलगा तिथवर पोचायचा नाही. मुलगी तर नाहीच नाही. कोणता बाप आपल्या मुलीला एवढ्या लांब एकटी पाठवणार? वाटेतच शिक्षण तुटायचं, आणि त्यात सगळ्याच जातिधर्मांच्या गरीब मुलांचं नुकसान व्हायचं.

१९६८ मध्ये कालिकत विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू प्रा. एम. एम. गनी. जागा तेन्हिपलम, आजच्या मलप्पुरम जिल्ह्यात. शहराच्या झगमगाटात नाही, तर जिथे मागासलेपण सगळ्यात जास्त होतं त्याच पट्ट्यात. विद्यापीठ आलं की एकटी इमारत येत नाही. आजूबाजूला कॉलेजं निघतात, वसतिगृहं होतात, बस सुरू होते. गावातला पहिला पदवीधर दिसतो, मग पहिली पदवीधर मुलगी दिसते, आणि मग तिच्या धाकट्या बहिणीला कुणी अडवत नाही.

अर्थात ही जमीन एकट्या सी. एच. यांनी नांगरली नव्हती. १९४८ मध्येच मौलाना अबुस्सबाह अहमद अली यांच्या मेहनतीने फारूक कॉलेज उभं राहिलं होतं, त्यात सीती साहेबांचाही हात होता. समाजाने स्वतःच्या पैशाने कॉलेज काढलं आणि मग सरकारात बसलेल्या आपल्या माणसाने त्या मेहनतीला विद्यापीठाचं छत दिलं. आधी समाज, मग सरकार. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुलींसाठी त्यांनी वेगळा विचार केला. मुस्लिम मुलींना शाळेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. रक्कम मोठी नव्हती. पण गरीब घरात मुलीला शाळेतून काढायचं की ठेवायचं हा फैसला थोड्या पैशांवरच होत असतो. मुलगी शाळेत गेली तर घरात चार पैसे येतात म्हटल्यावर आजीचाही विरोध मऊ होतो. सरकारी शाळांत अरबी शिकवणाऱ्या उस्तादांना इतर भाषाशिक्षकांच्या बरोबरीने मान मिळावा हाही प्रश्न त्यांनी लावून धरला. त्याचा फायदा दोन बाजूंनी झाला. शेकडो आलिमांना इज्जतीची नोकरी मिळाली, आणि जे आईबाप दीनी तालीम बुडेल म्हणून मुलांना सरकारी शाळेत घालत नव्हते त्यांची भीती गेली. अरबी शाळेतच आहे, मग शाळेला नाही का म्हणायचं? हट्टी माणसाशी भांडण्यापेक्षा त्याच्या हट्टाचं कारणच काढून टाकायचं, ही त्यांची रीत.

याच सरकारच्या काळात, १६ जून १९६९ रोजी, मलप्पुरम जिल्हा झाला. मुसलमान बहुसंख्य असलेला जिल्हा म्हणून विरोध फार झाला. जनसंघाने आंदोलन केलं. पण मागासलेल्या भागाला स्वतःचं कलेक्टर ऑफिस, स्वतःची यंत्रणा मिळाली तर विकास होतो, हा साधा मुद्दा होता. आजचं मलप्पुरम बघितलं की त्या विरोधाचं उत्तर मिळतं.

नंबुद्रीपादांचं सरकार १९६९ मध्ये पडलं. त्यानंतर सी. अच्युत मेनन यांच्या मंत्रिमंडळातही सी. एच. मंत्री होते, काही काळ गृहखातंही त्यांच्याकडे होतं. १९७२ मध्ये मुहम्मद इस्माईल साहेबांचा इंतकाल झाला, आणि रिकाम्या झालेल्या मंजेरीच्या जागेवर सी. एच. १९७३ मध्ये लोकसभेत गेले. त्याच वर्षी जानेवारीत बाफकी तंगल मक्केत अल्लाहला प्यारे झाले. दोन्ही वडीलधारे गेले आणि थोड्याच काळात पक्षात फूट पडली. एका घरातले लोक एकमेकांविरुद्ध उभे राहिले. सी. एच. यांच्या जिंदगीतला हा दुखरा काळ. त्या फुटीचे दोन तुकडे पुन्हा जोडले गेले ते १९८५ मध्ये, तेव्हा ते हयात नव्हते.

१९७७ मध्ये ते पुन्हा राज्यात परतले आणि पुन्हा शिक्षणखातं घेतलं. मंत्रिपद कोणतं हवं म्हटलं की आपले पुढारी आधी महसूल, बांधकाम बघतात. सी. एच. फिरून फिरून शिक्षणाकडे येत राहिले.

पन्नास दिवस

१९७९ च्या ऑक्टोबरात केरळात उलथापालथ झाली. मुख्यमंत्री पी. के. वासुदेवन नायर यांनी राजीनामा दिला, त्यांचा कम्युनिस्ट पक्ष डाव्या आघाडीकडे निघाला. उरलेल्या पक्षांत कुणालाच एकट्याने सरकार करता येत नव्हतं. तेव्हा सगळ्यांना चालेल असं एक नाव निघालं. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी सी. एच. मुहम्मद कोया केरळचे मुख्यमंत्री झाले.

ज्या पक्षाचं सदस्यत्व सोडल्याशिवाय अठरा वर्षांपूर्वी सभापती होता येत नव्हतं, त्याच पक्षाचा नेता म्हणून ते मुख्यमंत्री झाले. या वेळी कुणी अट घातली नाही.

स्वतंत्र भारतात त्याआधी मुसलमान मुख्यमंत्री झाले होते. राजस्थानात बरकतुल्लाह खान, बिहारमध्ये अब्दुल गफूर. पण ते काँग्रेसचे. मुस्लिम लीगचा माणूस एखाद्या राज्याचा मुख्यमंत्री झाला, असं फक्त याच एका वेळी घडलं. केरळलाही आजवर मिळालेले ते एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री.

पण आघाडीचा पाया भुसभुशीत होता. आमदार पुरेसे नव्हते, बरोबरचे पक्ष आपापल्या पुढच्या निवडणुकीच्या हिशेबात होते. पाठिंबा गळत गेला आणि १ डिसेंबरला सी. एच. यांनी राजीनामा दिला. पाच डिसेंबरपासून राष्ट्रपती राजवट लागली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत डावी आघाडी जिंकली आणि ई. के. नायनार मुख्यमंत्री झाले.

थोड्या दिवसांची खुर्ची महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात मारोतराव कन्नमवार यांचं निधन झालं तेव्हा आपल्या कोकणातले पी. के. सावंत दहाएक दिवस काळजीवाहू मुख्यमंत्री होते. आणि सी. एच. यांच्यानंतर वर्षाच्या आतच, जून १९८० मध्ये, रायगडच्या आंबेतचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले साहेब मुख्यमंत्री झाले तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत ईदसारखी खुशी होती. तीही खुर्ची दोन वर्षं पुरली नाही. आपला माणूस बसला म्हणून आपण खुश होतो, उठला म्हणून रडतो. मधल्या काळात त्याच्याकडून काय करून घ्यायचं याचा विचार मागे राहतो. सी. एच. यांचं वेगळेपण इथे दिसतं. मुख्यमंत्री म्हणून त्यांना पन्नास दिवस मिळाले, त्यात कुणीही फार काही करू शकला नसता. पण आज केरळात त्यांचं नाव निघतं ते त्या पन्नास दिवसांमुळे नाही. शिक्षणमंत्री म्हणून जे केलं त्यामुळे निघतं.

अखेर

मुख्यमंत्री राहिलेल्या माणसाला खालचं पद घ्यायला कमीपणा वाटतो. सी. एच. यांना तो वाटला नाही. डिसेंबर १९८१ मध्ये के. करुणाकरन यांच्या सरकारात ते उपमुख्यमंत्री झाले. ते सरकार तीन महिन्यांतच गेलं. मे १९८२ मध्ये करुणाकरन पुन्हा आले आणि सी. एच. पुन्हा उपमुख्यमंत्री झाले, सार्वजनिक बांधकाम खातं त्यांच्याकडे आलं.

सप्टेंबर १९८३ मध्ये सरकारी कामासाठी ते हैदराबादला गेले होते. तिथेच २८ तारखेला त्यांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. वय अवघं ५६. मुलगा एम. के. मुनीर पुढे डॉक्टर झाले, राजकारणात आले, तेही केरळात मंत्री होते.

आज कोझिकोडला गेलात तर सी. एच. यांच्या नावाचा उड्डाणपूल दिसेल. कालिकत विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. सरकारी मेडिकल कॉलेजांजवळ सी. एच. सेंटर नावाच्या संस्था आहेत. तिथे गोरगरीब पेशंटना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांना मदत मिळते, जेवण मिळतं, पेशंटचा धर्म विचारला जात नाही. आणि केरळ सरकारची अल्पसंख्याक मुलींसाठी जी कॉलेज शिष्यवृत्ती आहे ती सी. एच. मुहम्मद कोया यांच्याच नावाने दिली जाते. जिने त्यांना कधी पाहिलं नाही अशी मुलगी दरवर्षी फॉर्म भरते आणि वर त्यांचं नाव लिहिते. याहून मोठी यादगार कोणती?

आणि आपण

आता आपल्याकडे बघू. रत्नागिरी, सिंधुदुर्गची कॉलेजं आजही मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. संगमेश्वराहून मुंबई सुमारे तीनशे किलोमीटर. रत्नागिरीत उपकेंद्र आहे, त्याने काही कामं सोपी झाली, पण कोकणाला स्वतःचं विद्यापीठ हवं ही मागणी जुनीच आहे आणि अजून मागणीच आहे. कोझिकोडच्या मुलाला तिरुवनंतपुरम जेवढं लांब वाटत होतं, तेवढंच खाडीपट्ट्यातल्या मुलीला मुंबई लांब वाटते. अंतर नकाशावर कमी असेल, घरातल्या चर्चेत कमी नाही.

ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. मराठा, कुणबी, बौद्ध, भंडारी, सगळ्यांच्या मुलांची आहे. सी. एच. यांचं विद्यापीठही सगळ्यांचंच होतं. आपल्या समाजाचा प्रश्न मांडताना तो सगळ्यांच्या प्रश्नाला जोडला तर त्यात ताकद येते, हे त्यांनी दाखवलं.

दुसरी गोष्ट भाषेची. उर्दू आपल्या दिलाजवळची आहे, राहावी. पण आपलं म्हणणं शेजाऱ्याला कळायचं तर ते मराठीत लिहिलं गेलं पाहिजे. चंद्रिका नव्वद वर्षांपूर्वी मल्याळममध्ये निघाली त्यामागे हाच शहाणपणा होता. आपल्या घरातला जो मुलगा, जी मुलगी मराठीत चांगलं लिहिते तिला पत्रकार व्हायचं असेल तर नाही म्हणू नका. डॉक्टर, इंजिनिअर आपल्याला हवेतच. पण समाजाची बाजू मांडणारा माणूस दवाखान्यात तयार होत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या जमातींची. गावोगाव आपल्या जमाती आहेत, आखातातून पैसा येतो, मशिदी सुंदर झाल्या, अल्हम्दुलिल्लाह. त्याच जमातीच्या वहीत दरवर्षी दहावी, बारावी झालेल्या मुलींची नावं लिहिली तर? कोण पुढे शिकते, कोण थांबली, का थांबली, एसटीच्या वेळेमुळे की फीमुळे की घरच्यांमुळे. ज्याचं कारण पैसा आहे तिथे पैसा द्यायचा. ज्याचं कारण एसटी आहे तिथे सगळ्यांनी मिळून डेपोत अर्ज द्यायचा. ज्याचं कारण भीती आहे तिथे जाऊन बोलायचं. यासाठी मुख्यमंत्री लागत नाही.

अल्लाह तआला मरहूम सी. एच. मुहम्मद कोया यांची मगफिरत फरमावो, त्यांच्या कामाचा अज्र त्यांना देवो, आणि आपल्याला त्यातून काही उचलायची तौफीक देवो. आमीन.